डोलकाठीचा तळखडा

वर्ध्यात समुद्र नाही, मग शिडाच्या होडीची गोष्ट कशाला, असं कोणी म्हणेल. पण एनसीसीच्या नौदल शाखेत गेलेल्या मुली नागपुरात अंबाझरी तलावावर होडी चालवायला शिकतात. त्यात आपल्या गावची एखादी असूच शकते. आणि नौदलाची ‘तारिणी’ तर तुम्हाला माहीत असेलच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ही शिडाची नौका घेऊन वर्तिका जोशी आणि आणखी पाच महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या, २१ मे २०१८ ला परतल्या. वाटेत सुकाणूत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. सांगायचं असं, की होडी चालवणारीला होडीची दुरुस्तीही कळावी लागते.

आज एकाच जागेबद्दल बोलू. डोलकाठी जिथे उभी राहते ती बैठक.

जुन्या वाड्यातला लाकडी खांब आठवा. तो थेट जमिनीत रोवत नाहीत, खाली दगडी तळखडा असतो. भार पसरावा आणि खांबाला ओल लागू नये, म्हणून. डोलकाठीचा तळखडाही तसाच, पण त्याचं काम जास्त अवघड. डोलकाठी तीन बाजूंनी ताणदोरांनी बांधलेली असते. दोर जितके ताणले तितकी ती खाली दाबली जाते. वर वारा शिडाला ढकलतो आणि खाली तिचा पाय बाजूला सरकायला बघतो. म्हणजे बैठकीवर काठीच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. ती भर वाऱ्यात बसली, तर काठी आडवी होते आणि खाली मुली बसलेल्या असतात.

फायबरची होडी कुजत नाही, हे अर्धंच खरं. काच कुजत नाही, पण जोर पेलायला बैठकीखाली बहुधा लाकडाचा तुकडा दडवलेला असतो. स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि लाकूड आतल्या आत भुसभुशीत होतं. वरून सगळं छान दिसतं. मग ओळखायचं कसं? मडकं घेताना टिचकी मारतो ना, तसं नाण्याने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ किंवा ओलं. स्क्रू काढल्यावर तपकिरी पाणी आलं तर शंकाच नको. आणखी एक खूण: ताणदोर पुन्हा पुन्हा सैल पडतात. दोर लांबले असं वाटतं, पण कधीकधी काठीच खाली बसलेली असते.

दुरुस्ती करताना आधी डोलकाठी उतरवायची, बैठक काढायची. वरचं फायबरचं कवच चौकोनी कापायचं आणि कुजलेलं लाकूड कोरून कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत जायचं. थोडं कुजकं राहिलं तर पुढची सगळी मेहनत वाया. मग वाळू द्यायचं. घाई इथेच नडते, कारण ओल्यावर रेझिन धरत नाही. कडा घासून उतरत्या करायच्या. नव्या तुकड्यासाठी मरीन प्लायवुड घ्यावं. त्याला सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजून, इपॉक्सीच्याच घट्ट लगद्यात बसवायचा. वर काचेच्या कापडाचे थर द्यायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, आणि रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरवर इपॉक्सीची पकड जास्त चांगली. माझ्या मते इथे पैसे वाचवू नयेत.

स्क्रूसाठी आधी मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने भरायचं, आणि सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडायचं. मग पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

आपला उन्हाळा यात आडवा येतो. मे महिन्यात दुपारी मिसळलेलं रेझिन भांड्यातच तापून घट्ट होतं. थोडं थोडं मिसळा, तेही सकाळी लवकर.

आता जिवाचं बोलते. फायबर घासताना उडणारी भुकटी खाजकुयलीसारखी चावते आणि छातीत जाते. नाकाला पदर लावून ती अडत नाही. चांगला मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. ते कपडे वेगळे धुवायचे. पॉलिएस्टर वापरत असाल तर कोबाल्ट आणि कॅटालिस्ट कधीही एकमेकांत थेट ओतू नका, आग लागू शकते, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, कॅटालिस्ट नंतर. कॅटालिस्ट डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. लगेच वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

तलावावरच्या मासेमारीच्या फायबर होडीला डोलकाठी नसते, पण वल्ह्याच्या खुंटीपाशी आणि बसायच्या फळीखाली लाकूड असलं तर ते असंच कुजतं. तपासायची रीत तीच. मात्र तळालाच लांब तडा गेला असेल, तर काम जाणत्या कारागिराकडेच द्या.

इपॉक्सी हाताला एका दिवसात कडक लागली, तरी पूर्ण ताकद यायला आठवडा लागू शकतो. तोवर डोलकाठी उभी करू नका. उभी केल्यावर ताणदोर आवळा आणि आवळलेल्या जागी शाईची खूण करा. पहिली फेरी काठाजवळच, हलक्या वाऱ्यात मारा. परत आल्यावर खूण तिथेच असून दोर सैल पडला असेल, तर बैठक उघडून पुन्हा बघा.