शिक्षेला न बधणारी मुलं
लेखमाला : मुलांचं मन । लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण रागाच्या भरात मारणाऱ्या मुलांबद्दल बोललो. राग ओसरला की ही मुलं बहुधा ओशाळतात, आईला बिलगतात. आजचा विषय आहे न ओशाळणारी मुलं. धाकट्या बहिणीला चिमटा काढायचा, ती रडू लागली की शांतपणे बघत राहायचं आणि कुणी विचारलंच तर बिनदिक्कत ‘मी नाही’ म्हणायचं. असं वारंवार घडू लागलं की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ‘हा सायकोपाथ तर होणार नाही ना?’

हा शब्द तज्ज्ञ लहान मुलांना लावत नाहीत. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदानही वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधी करत नाहीत. मुलांमध्ये ते पाहतात ती ‘कॅलस-अनइमोशनल’ लक्षणं, म्हणजे मनाचा कोरडेपणा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रिक यांनी त्यांचा दीर्घ अभ्यास केला आहे. २०१३च्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत, वर्तनविकार असलेल्या मुलांसाठी अशी चार लक्षणं दिली आहेत : चुकीचा पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाचं सोयरसुतक नसणं, अभ्यासात किंवा कामात मागे पडल्याचं काहीच न वाटणं आणि भावना वरवरच्या असणं. यांपैकी किमान दोन लक्षणं निदान वर्षभर, घरी, शाळेत, मित्रांत अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. चार वर्षांच्या मुलाने एकदा मांजरीची शेपटी ओढली, एवढ्यावरून काही ठरत नाही.

स्वमग्न मुलांशीही यांची गल्लत होते. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे स्वमग्न मुलाला ओळखणं अवघड जातं. पण कुणाला लागलं हे कळलं, तर त्याला वाईट वाटू शकतं. कोरड्या मनाच्या मुलाला समोरच्याचे विचार नीट कळतात, त्याचं दुःख मात्र भिडत नाही.

असं का होतं? ब्रिटनमध्ये एसी व्हायडिंग यांनी सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास केला. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टोकाच्या कोरडेपणामागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश आढळला. जेम्स ब्लेअर यांच्या संशोधनानुसार या मुलांना इतरांच्या चेहऱ्यावरची भीती आणि दुःख ओळखणं जड जातं. ऑस्ट्रेलियात मार्क डॅड्स यांना आणखी एक गोष्ट दिसली. ‘डोळ्यांकडे बघ’ एवढं सांगितलं, तरी या मुलांना भीती बरीच चांगली ओळखता येते. तेव्हा त्यांची नजर कुठे जाते, यालाही महत्त्व आहे.

अशा मुलाला वठणीवर आणायला घरातले चौदावं रत्न दाखवतात. गडबड होते ती इथेच. शिक्षेची धास्तीच कमी असल्याने मार या मुलांपर्यंत पोचत नाही. मग मारणाऱ्याचा हात जड होत जातो आणि उरलासुरला जिव्हाळाही आटतो. डेव्हिड हॉज आणि डॅड्स यांनी चार ते आठ वर्षांच्या, वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलग्यांच्या पालकांना प्रशिक्षण दिलं. कोरड्या मनाच्या मुलांवर ‘टाइम-आउट’चा, म्हणजे थोडा वेळ बाजूला बसवण्याचा, परिणाम कमी झाला. बक्षीस आणि कौतुकाला मात्र तीही इतरांसारखीच बधली.

अमेरिकेत ५६१ दत्तक कुटुंबांच्या अभ्यासातून २०१६मध्ये याला बळ मिळालं. जन्मदात्या आईचं वर्तन गंभीर समाजविघातक असेल, तर तिच्यापासून दूर वाढलेल्या मुलांतही सव्वादोन वर्षांच्या सुमारास कोरडेपणा जास्त दिसला. पण दत्तक आई चांगल्या वागण्याचं मनापासून कौतुक करणारी असेल, तर हा वारसा बोथट झाला.

तेव्हा मूल चांगलं वागलं की त्याच क्षणी, नेमकं काय आवडलं ते सांगून कौतुक करा. बोलताना त्याच्या नजरेला नजर द्या. नियम ठरवा आणि ते शांतपणे पाळायला लावा. मारणं पूर्ण बंद करा. प्राण्यांना मुद्दाम इजा करणं, आगीशी खेळणं, थंडपणे इतरांना दुखावणं असं चालूच राहिलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञाला गाठा. ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून वाट पाहू नका. वय जितकं लहान, तितका बदलाला वाव जास्त.

पुढील आठवड्यात : मुलं खोटं बोलायला कधी आणि का शिकतात?