पुलाच्या कमानीला शीण येतो
लोखंडी तार एका हिसक्याने तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूच्या या शिणाची पद्धतशीर परीक्षा जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी १८६० च्या दशकात आगगाडीच्या आसांवर केली.

काँक्रीटची कमानही शिणते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. कमानीच्या एका अंगावर गाडी आली की ते अंग खाली दबते, दुसरे वर फुगते. दोन्हीकडे ताण पडतो. तो सळ्या पेलतात. म्हणून प्रयोगशाळेत कमानीवर लाखो वेळा भार चढवतात, उतरवतात आणि भेगा मोजतात. नुसत्या काँक्रीटला एका दमात मोडायला लागणाऱ्या भाराच्या सुमारे ५५ टक्के भार कोटीभर वेळा दिला, तरी ते मोडू शकते.

तेव्हा पुलावरची वजनाची पाटी पाळा. जड गाडी एकदा निभावली, म्हणजे रोज निभावेल असे नव्हे.