एकसारखी भांडी

सहा ताटे, सहा वाट्या, सहा फुलपात्री, सारी एका घडणीची. असा संच फडताळात लागला म्हणजे घर नीटनेटके दिसते, असे आपण मानतो. ही समजूत आज इतकी रुजली आहे की ती फार जुनी नाही, असे म्हटले तर पुष्कळांना ते खरे वाटणार नाही.

जुन्या स्वयंपाकघरात भांडे निवडले जाई ते धातूच्या गुणावरून. पाण्याला तांब्याचा हंडा. शिजवायला पितळेचे पातेले, पण आतून कल्हई केलेले, कारण उघड्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. जेवायला काशाचे ताट, ऐपत असेल तर चांदीची वाटी. कोणाचे ताट मोठे, कोणाची वाटी पसरट. शिवाय बहुतेक भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले असे: कोणाच्या मुंजीत आले, कोणी आहेर केला, तिथी कोणती. घराण्याचा असा इतिहास रोज राखेने घासला जाई! आजोबांच्या माघारी त्यांचे ताट दुसऱ्या कोणापुढे मांडताना घरच्या बाईचा हात क्षणभर थांबे. संचातल्या ताटापाशी तो थांबण्याचे कारण नाही. सहांपैकी ते कोणते, हेच सांगता येत नाही.

मग सारखेपणा मुळीच नव्हता काय? होता, तो पंगतीत. केळीचे पान किंवा पत्रावळ श्रीमंतापुढे आणि गरिबापुढे एकच. वाढण्यात डावेउजवे करणे हा दोष, आणि त्याला ‘पंक्तिप्रपंच’ हा स्वतंत्र शब्दच आपल्या भाषेत आहे. मात्र त्या पंगतीला बसायचे कोणी, हे जातीने आधीच ठरवलेले असे. दाराबाहेरच्याला या समतेचा उपयोग नव्हता.

चहाबरोबर चिनी मातीची कपबशी घरात शिरली आणि पेच पडला. धातूचे भांडे घासून, तापवून शुद्ध होते. मातीचे विटाळले तर टाकायचे, असा जुना दंडक. दुसऱ्याच्या ओठाला लागलेला कप मग कशात धरायचा? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा आला आणि तेवढ्यावरून ग्रामण्य झाले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. पुढे तीच कपबशी घरोघर पाहुणचाराची खूण झाली.

संचाची खरी सोय केली ती स्टेनलेस स्टीलने. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली क्रोमियम मिसळून गंज न धरणारे पोलाद केले. त्याला कल्हई नको, आंबटाचे भय नको. पाणी, आमटी, ताक सर्वांना एकच धातू चालतो. साच्यातून निघणारे प्रत्येक ताट आधीच्यासारखेच. सामान्य घरालाही जुळणी परवडू लागली, हा लाभ आम्ही थोडा मानत नाही.

पण जुळणी आली तसे न जुळणारे भांडे अधिक उठून दिसू लागले. पुष्कळ घरांत संचातली कपबशी पाहुण्यांची, आणि मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला कान तुटका कप कामवाल्या बाईंचा. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, म्हणजे १९७६ पासूनच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. घरातल्या कपापर्यंत त्या कलमाचा हात पोचत नाही. विचारले तर ‘स्वच्छतेसाठी’ असे उत्तर मिळते. संचातल्या सहाही कपबशा रोज स्वच्छ करतात त्या बाईच. चहा मात्र त्यांना त्या सातव्या कपातून मिळतो, आणि तो विसळून पुन्हा कट्ट्यावर वेगळा ठेवण्याचे कामही त्यांचेच असते.