सीरमचा थेंब पडलेली सामूची पट्टी

दिंडोरी तालुक्यात माझ्या बहिणीची द्राक्षबाग आहे. गोड्या बाराची छाटणी झाली, नोव्हेंबर लागला आणि घड बाहेर दिसू लागले की तिथे जीएच्या फवारण्यांची घाई सुरू होते. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. घडाची लांबी वाढावी, मणी एकमेकांना खेटून बसू नयेत म्हणून देतात ते संजीवक. दाजी टाकीत पाणी घेतात, त्यात थोडं सायट्रिक ॲसिड टाकतात, सामूची कागदी पट्टी बुडवतात, रंग डबीवरच्या रंगांशी जुळवून बघतात. साडेपाच-सहाच्या आसपास आलं की मगच जीए ओततात. बोअरचं पाणी अल्कधर्मी असलं तर जीए त्यात टिकत नाही आणि पानात नीट शिरतही नाही, हे आपल्या भागातल्या बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी मी तिथेच बसले होते आणि भाची एक छोटी काळी बाटली घेऊन आली. "मावशी, हे रात्री लावून झोपायचं. सकाळी चेहरा एकदम गुळगुळीत होतो म्हणतात. पण दहा टक्के ॲसिड म्हणजे जास्त का गं?" बाटलीवर लिहिलं होतं, ग्लायकोलिक ॲसिड १० टक्के. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे. मी दाजींच्या डबीतली एक पट्टी मागून घेतली आणि तिच्यावर सीरमचा थेंब टाकला. रंग साडेतीन ते चारच्या मध्ये कुठेतरी आला. भाचीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पट्टीवर होतं.

आम्ल पाण्यात दोन रूपांत राहतं. काही रेणू आपला हायड्रोजन धरून असतात, काहींनी तो सोडलेला असतो. ज्यांनी सोडला त्यांच्यावर विद्युतभार येतो, आणि भार असलेला रेणू मेणचट, तेलकट पडद्यातून सहजी पार होत नाही. द्राक्षाच्या पानावर मेणाचं आवरण असतं. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधल्या जागा स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. दोन्हीकडे आत शिरतं ते मुख्यतः भार नसलेलं, मुक्त आम्ल. ते किती असेल हे सामू ठरवतो. ग्लायकोलिक आम्लाचं गणित असं आहे : सामू ३.८ असेल तर निम्मं आम्ल मुक्त असतं, ४.८ असेल तर जेमतेम दहावा भाग. म्हणजे १० टक्क्यांची बाटली सामू ४.८ वर असेल, तर तिच्यात कामाचं आम्ल एक टक्काच भरतं. ५ टक्क्यांची दुसरी बाटली ३.८ वर असेल, तर तिच्यात अडीच टक्के. टक्केवारी अर्धी आणि जोर अडीचपट. बाटलीवर टक्के ठळक छापतात आणि सामू बहुतेक वेळा छापतच नाहीत, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे. ग्राहकाला दोन्ही आकडे मिळायला हवेत. अमेरिकेत प्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात घरी वापरायच्या ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाची मर्यादा सांगितली, तीही दोन्ही आकडे जोडूनच : १० टक्क्यांपर्यंत, आणि सामू ३.५ पेक्षा कमी नको. शिवाय उन्हाने त्वचा अधिक पोळणार नाही अशी काळजी घेतलेली हवी, हीसुद्धा अट होती. तिच्याकडे पुढे येतेच.

आता हे आम्ल नक्की करतं काय? बहुतेकांची समजूत अशी की ते घासतं. चिंचेने तांब्याचा हंडा घासला की काळपट थर जातो आणि लखलखीत तांबं वर येतं, तसं काहीतरी. नाशिकच्या भांडी बाजाराने ज्यांची घरं भरली आहेत त्यांच्या मनात हेच चित्र येणार. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि तेच द्राक्षातलंही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने टार्टारिक आणि ग्लायकोलिक एकाच कुळातले, अल्फा हायड्रॉक्सी आम्लांच्या. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांमध्ये वाइन शून्याखाली थंड करतात, तेव्हा टाकीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक बसतात. ते टार्टारिक आम्लाचंच पोटॅशियमबरोबरचं मीठ. कार्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७६९ मध्ये वाइनच्या अशाच साक्यातून टार्टारिक आम्ल वेगळं केलं, आणि १७८० मध्ये नासलेल्या दुधातून लॅक्टिक. दह्यातलं आम्ल ते हेच. तेव्हा हे कुळ आपल्या स्वयंपाकघरात आणि बागेत आधीपासून नांदतं आहे. पण हंड्यावर जे घडतं ते त्वचेवर घडत नाही. तांब्यावरचा ऑक्साइड आम्लात विरघळतो. त्वचेची पेशी विरघळत नाही. तिथे टाके उसवतात.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. चपट्या, केराटिनने भरलेल्या, एकावर एक पंधरा-वीस पदर. शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी शिवलेल्या असतात. खाली नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, मरतात, चपट्या होतात, आणि अगदी वर पोहोचेपर्यंत त्वचेचीच विकरं ते टाके एकेक करून कापत जातात. मग पेशी कुणाच्या नकळत गळून जाते. या साऱ्या प्रवासाला तरुण वयात साधारण महिनाभर लागतो, पुढे अधिक. टाके कापणाऱ्या विकरांना काम करायला पाणी लागतं. निफाडकडून थंडी उतरते, हवा कोरडी पडते, तेव्हा त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी कमी होतं आणि विकरं मंदावतात. टाके तसेच राहतात, पेशी एकेकट्या न सुटता पुंजक्यांनी लोंबकळतात. लहानपणी डिसेंबरात पायावर नखाने नाव लिहायचो आणि पांढरं उमटायचं, ते या पुंजक्यांवर. चेहरा खरखरीत लागतो, पावडर चिकटून बसते, त्वचा निस्तेज दिसते, कारण उंचसखल पृष्ठभागावरून प्रकाश सरळ परत येत नाही.

ही आम्लं टाक्यांची पकड सैल करतात. हे ज्यांनी दाखवलं त्यांना सौंदर्याशी कर्तव्य नव्हतं. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि रसायनज्ञ रुई यू हे इक्थिऑसिसवर उपाय शोधत होते. या आजारात टाके सुटतच नाहीत. अंगावर माशाच्या खवल्यांसारखे जाड पापुद्रे साचत राहतात, सांध्यांशी त्वचा फाटते, आणि लोक रोग्याजवळ बसायला कचरतात. दोघांनी साठाहून अधिक पदार्थ लावून पाहिले. १९७४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ग्लायकोलिक, लॅक्टिक, सायट्रिक, मॅलिक अशा आम्लांनी खवले उतरल्याचं नोंदवलं आहे. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. ही आम्लं मृत थराच्या अगदी वर नाही, तर तळाशी, जिथे हा थर नुकताच तयार होत असतो तिथे पकड सैल करतात. वरून खरवडायचा पदार्थ आणि हा, यांत मूलभूत फरक आहे तो इथे. आज तरुण मुलींच्या आरशापुढे जी बाटली दिसते, तिच्यामागे ज्यांना कुणी शिवत नव्हतं अशा माणसांवरचा उपचार आहे.

या कुळात ग्लायकोलिकचा रेणू सर्वांत लहान. रेणुभार ७६, लॅक्टिकचा ९०, टार्टारिकचा १५०. लहान रेणू लवकर शिरतो, म्हणून त्याचा परिणामही लवकर आणि झोंबणंही जास्त. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी लॅक्टिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ते यामुळेच. "उसापासून" असं बाटलीवर लिहिलेलं भाचीला फार आवडलं होतं. उसाच्या रसात ग्लायकोलिक असतं हे खरं, पण बाजारात येणारं बहुतेक कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतं. रेणू तोच आहे, आणि कारखान्यात बनला म्हणून तो वाईट ठरत नाही.

मी ते स्वतः लावून पाहायचं ठरवलं. माझं वय सत्तेचाळीस. तीन रात्री कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावलं, काही झालं नाही. मग चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, आठवड्यातून दोन रात्री. पहिल्या रात्री पाच मिनिटं मुंग्या आल्यासारखं झालं आणि थांबलं. सकाळी गाल खरोखर मऊ लागला, पण माझ्या मते ती करामत आम्लाची कमी आणि सीरममधल्या ग्लिसरीनची जास्त. पाणी धरून ठेवणारा कोणताही पदार्थ एका रात्रीत एवढं करतो. आम्लाचा खरा परिणाम दिसायला माझ्या बाबतीत पाचवा आठवडा उजाडला. कपाळावर बोट फिरवलं तर खरखर नव्हती. सुरकुत्या होत्या तिथेच होत्या. पोत बदलला, एवढंच. आणि एवढं मला पुरेसं वाटलं.

जानेवारीत चूक झाली. दुपारी थ्रेडिंग केलं होतं, हे विसरून रात्री सीरम लावलं. दोऱ्याने केसांबरोबर त्वचेचा वरचा पदरही थोडा ओरबाडलेला असतो. भुवईच्या वर आग झाली, सकाळी लाल पट्टा होता, आठवड्याने त्याचा तपकिरी डाग झाला आणि तो जायला दोन महिने लागले. गोऱ्या युरोपीय त्वचेवर लाली येऊन जाते. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर जळजळ झाली की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चिथावल्या जातात आणि मागे काळपट डाग ठेवतात. डाग जावा म्हणून लावलेलं आम्ल जास्त झालं तर डागच देतं. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच यांच्या आगेमागे दोन-तीन दिवस याला हात लावू नये. आणि ज्यांनी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, स्टेरॉइड असलेली गोरेपणाची मलमं महिनोन्‌महिने फासली आहेत, त्यांची त्वचा आधीच पातळ झालेली असते. त्यांनी बाटली उघडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला चेहरा दाखवावा, असं मी हात जोडून सांगेन.

उन्हाचा मुद्दा मात्र सर्वांत मोठा. रात्री लावायचं म्हणजे उन्हाशी संबंध संपला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या चाचण्यांत स्वयंसेवकांना चार आठवडे आम्ल लावलं, तेव्हा अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्याची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढली आणि पेशींना होणारी इजा सरासरी दुप्पट झाली. लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात त्वचा पूर्ववत झाली. म्हणून २००५ मध्ये त्या प्रशासनाने अशा प्रसाधनांवर सूचना छापायला सुचवलं : वापर चालू असताना आणि बंद केल्यावरही आठवडाभर उन्हापासून जपा. सोमवारी रात्री लावलेल्या थेंबाचा हिशेब अशा रीतीने गुरुवारच्या दुपारीही चालू असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर. मार्च ते मे आकाश निरभ्र, दुपारचा अतिनील निर्देशांक अकराच्याही वर जातो, म्हणजे अतितीव्र. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून कॉलेज रोडवरून जाणाऱ्या मुली नकळत योग्य तेच करतात. त्याखाली सकाळी सनस्क्रीनही हवं, आणि दोन बोटं भरून. वाटाण्याएवढं पुरत नाही.

घरगुती म्हणून लिंबू चोळणाऱ्यांबद्दलही सांगायला हवं. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, सीरमपेक्षा कितीतरी तीव्र. वर त्यात, विशेषतः सालीत, उन्हाने चेतणारी द्रव्यं असतात. लिंबू लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड आणि मग महिनोन्‌महिने न जाणारे डाग येतात. दही-बेसन त्यामानाने फार सौम्य. दह्याचा सामू साधारण साडेचार, लॅक्टिक आम्ल टक्क्याच्या घरात. दवाखान्यात पील करतात तेव्हा ग्लायकोलिक २० ते ७० टक्के असतं, पण तिथे घड्याळ लावून काही मिनिटांत सोड्याच्या पाण्याने ते उदासीन करतात. तसल्या तीव्रतेच्या बाटल्या घरी मागवून रात्रभर ठेवणं म्हणजे चेहरा भाजून घेणं.

मार्च लागला तशी मी बाटली कपाटात ठेवली. पावसाळ्यात, ढग आले की पुन्हा काढेन. भाचीने आठवड्यातून एकदाच लावायचं कबूल केलं आहे, परीक्षेच्या दिवसांत तेही नाही. बहिणीने मात्र बाटली हातात घेऊन वास घेतला आणि परत दिली. ती सकाळी सातपासून बागेत असते, काढणी चालू असली तर अंधार पडेपर्यंत. तिच्या चेहऱ्याला हे देऊ नये, असं मीही म्हटलं. तिच्या टाचांना भेगा होत्या, त्यासाठी तिला युरियाचं मलम आणून दिलं. युरिया त्वचेत पाणी धरतो आणि प्रमाण वाढवलं तर कडक केराटिनही सैल करतो. टाचेला ऊन लागत नाही, कातडी जाड असते, तिथे जोर चालतो. दाजींनी ट्यूबवरचं नाव वाचलं आणि शेडमधल्या युरियाच्या गोण्यांकडे पाहिलं. "तोच का हा?" रेणू तोच, मी म्हटलं. आता ती रात्री पाय धुऊन मलम लावते, वर जुने सुती मोजे चढवते आणि झोपते.