लष्करी रंगातलं काँकॉर्ड

जी विमानं कधी झालीच नाहीत त्यांची मॉडेलं घडवणं हा हौशी मॉडेलकारांचा आवडता उद्योग, आणि काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानावर या मंडळींचा विशेष जीव. कुणी त्याच्या पोटाखाली अणुक्षेपणास्त्र बसवतं, कुणी त्याला टेहळणीला धाडतं. बहुतेकदा त्यावर ब्रिटिश हवाई दलाचा हिरवा-करडा रंग चढतो. या कल्पना मला मनापासून आवडतात. त्या तपासायला बसलं की मूळ यंत्र किती विचारपूर्वक घडवलं होतं ते उलगडत जातं.

कल्पनेला आधारही भक्कम आहे. काँकॉर्डचं ऑलिंपस 593 इंजिन ब्रिटिशांच्या अणुबॉम्बवाहू व्हल्कन विमानाच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. त्याची मधली पिढी टीएसआर-2 या हल्लेखोर विमानासाठी घडली. ते विमान 1965 मध्ये रद्द झालं. नव्या इंजिनाच्या उड्डाणचाचण्याही एका व्हल्कनच्या पोटाखाली टांगूनच झाल्या. शिवाय त्या काळातली लढाऊ विमानं आफ्टरबर्नर पेटवून ध्वनीच्या दुप्पट वेग गाठत, तो काही मिनिटांपुरता. काँकॉर्ड आफ्टरबर्नर बंद करून तोच वेग दोन-दोन तास टिकवायचं, आणि आत शंभर प्रवासी निवांत जेवत असायचे. असं विमान एखाद्या हवाई दलाने हवंसं म्हटलं असतं तर नवल नव्हतं.

गाडं अडतं ते रंगापाशी. त्या वेगात हवेच्या दाबाने नाकाचं टोक 127 अंश सेल्सिअसपर्यंत तापे. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला याहून फारसं सोसणारं नव्हतं, म्हणून उष्णता बाहेर टाकणारा खास पांढरा रंग. 1996 मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एअर फ्रान्सचं एक विमान निळं रंगवलं, तेव्हा ध्वनीच्या दुप्पट वेगात 20 मिनिटांहून जास्त राहू नये, अशी ताकीद होती. हिरवं-करडं काँकॉर्ड दिसतं झोकदार, पण ज्या वेगासाठी ते घ्यायचं तोच त्याला झेपला नसता.

व्हल्कनही आधी पांढरंच होतं, अणुस्फोटाची धग परतवण्यासाठी. 1 मे 1960 रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचं खूप उंचावरून उडणारं यू-2 हे टेहळणी विमान पाडलं आणि उंचीचा भरवसा संपला. रडार चुकवायला बॉम्बफेकी विमानं जमिनीलगत उडू लागली, तेव्हा व्हल्कनवर हिरवा-करडा रंग आला. काँकॉर्डचं राज्य 60,000 फुटांवर. खालच्या दाट हवेत ते नुसतं इंधन पीत राहिलं असतं. त्यातून धड तीन मीटरांहूनही अरुंद, मग बॉम्ब ठेवणार कुठे? वेग बदलताना इंधन पुढच्या-मागच्या टाक्यांत फिरवून तोल राखणारं हे विमान, त्यातून काही टन वजन एका क्षणात खाली सोडणं म्हणजे सगळं गणित नव्याने मांडणं.

मला पटतं ते टेहळणीचं रूप. तसं काम त्याने एकदा केलंही, फक्त आकाशाकडे बघत. पहिल्या नमुना-विमानाच्या छताला निरीक्षणासाठी खास खिडक्या पाडल्या होत्या. 30 जून 1973 रोजी वैमानिक आंद्रे तुर्का यांनी ते आफ्रिकेवरून चंद्राच्या सावलीबरोबर पळवलं. आतल्या शास्त्रज्ञांना खग्रास सूर्यग्रहण सलग 74 मिनिटं पाहता आलं. जमिनीवर उभ्या माणसाला ते जास्तीत जास्त सात मिनिटं दिसत होतं.