सातपूरचे २४० दिवस

‘सात महिने भरले, आता ब्रेक,’ हे सातपूर एमआयडीसीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पर्मनंटची नोकरी ही एके काळी इथे लग्नाच्या बोलणीतली पक्की बाजू होती. आता गेटवर ठेकेदाराच्या माणसांचीच रांग लांब दिसते.

सात महिनेच का? कारण कायद्यात २४० दिवस आहेत. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ने बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्याची सेवा सलग वर्षाची धरली. त्यानंतर कपात करायची तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतही टेम्पररी कामगाराला कायम करण्याची तरतूद आली ती याच आकड्यावर. म्हणजे २४१व्या दिवशी माणूस महाग होतो. त्याआधी त्याला घरी पाठवायला जवळपास काहीच लागत नाही. वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही १९७१च्या राज्य कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली खरी. पण मधे ठेकेदार असला की ‘मालक कोण?’ इथेच घोडे अडते. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणात सांगितले, की मालक-नोकर हे नातेच वादात असेल तर या कायद्याखालची तक्रार चालत नाही.

नेदरलँड्समध्येही आकडाच आहे. तीन करार किंवा तीन वर्षे, यांतली मर्यादा ओलांडली की नोकरी कायम. दोन करारांत सहा महिन्यांहून अधिक खंड पडला, तर मोजणी पुन्हा एकपासून. तेव्हा ब्रेकची युक्ती डच मालकालाही ठाऊक आहे. तिथले सगळे साधू आणि आपले सगळे लबाड, असे काही नाही.

फरक किमतीत आहे. १ जानेवारी २०२०पासून तिथे मालकाने करार संपवला किंवा वाढवला नाही, तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा हिशेब होतो: दर वर्षामागे मासिक पगाराचा एक तृतीयांश, कमी काळ झाला तर त्या प्रमाणात. शिवाय अस्थायी करारावर मालकाला बेकारी विम्याचा हप्ता पाच टक्के-बिंदूंनी जास्त भरावा लागतो.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी मुदतीच्या नोकरीला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली. चांगलेच झाले. पण सातव्या महिन्यात बाहेर पडलेल्याच्या हाती तिच्यातले काही पडत नाही. भरपाई पहिल्या दिवसापासून मोजली, तर ब्रेक देण्यातला फायदाच उरणार नाही. नुसता आकडा बदलून भागणार नाही.

तोवर एक करा. २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये म्हटले आहे. पगाराची पावती, गेटपास, ईएसआय आणि पीएफचा नंबर पहिल्या महिन्यापासून घरी जपून ठेवा.