सूर्य थांबला, म्हणजे नक्की काय थांबले?

मुलांच्या शाळेत, ऑफिसात किंवा शेजाऱ्यांशी गप्पा मारताना हा विषय कधी ना कधी तुमच्यासमोर आला असेल. बायबल म्हणते सृष्टी सहा दिवसांत घडली, विज्ञान म्हणते पृथ्वीचेच वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. मग खरे काय? अशा वेळी आपण बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देऊन मोकळे होतो. "अहो, ते सगळे रूपक आहे" किंवा "धर्माचे आणि विज्ञानाचे कधी जमलेच नाही." दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. का ते पाहूया.

सुरुवात शाळेतल्या मराठी व्याकरणापासून करू. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आठवतात ना? "बाबा ताटावर बसले" हे लक्षणेचे नेहमीचे उदाहरण. वाक्य ऐकून कोणीही ताट वाकले का हे बघायला धावत नाही. ताट काय असते आणि बाबा जेवायला कसे बसतात हे आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून आपण शब्दार्थ सोडून देतो. थोडक्यात, वाक्य शब्दशः घ्यायचे की नाही, हे ठरवताना जगाबद्दलचे आपले ज्ञान कामाला येते. हे ज्ञान बदलले की वाचनही बदलते. बायबलच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे.

बायबलचे पहिले पुस्तक 'उत्पत्ती'. त्याच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो, वनस्पती तिसऱ्या दिवशी आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. पण संध्याकाळ आणि सकाळ मात्र पहिल्या दिवसापासूनच होतात. सूर्याशिवाय सकाळ कशी? ही शंका आधुनिक नास्तिकांनी काढलेली नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑरिजेन याने ती काढली होती. पुढे संत ऑगस्टीन याने इसवी सन ४०१ ते ४१५ च्या सुमारास या पुस्तकावर मोठे भाष्य लिहिले. गंमत म्हणजे त्याच्या नावातच 'शब्दार्थ' आहे, आणि तरीही सहा दिवस म्हणजे आपले चोवीस तासांचे दिवस, असे ऑगस्टीन मानत नाही. त्याने एक इशाराही दिला: आकाश आणि पृथ्वीबद्दल इतर लोकांना निरीक्षणाने जे नीट ठाऊक आहे, त्याविरुद्ध बायबलच्या नावाने काही बोललात तर हसे होईल, आणि मग धर्माच्या मूळ गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणजे "पूर्वी सगळे शब्दशः मानत, विज्ञान आल्यावर रूपक म्हणू लागले" ही समजूत बरोबर नाही.

आता गॅलिलिओकडे वळू. यहोशवाच्या पुस्तकात गिबोनच्या लढाईच्या वेळी यहोशवा सूर्याला थांबायला सांगतो आणि सूर्य थांबतो. थांबायचे तर सूर्य आधी फिरत असला पाहिजे, असा युक्तिवाद कोपर्निकसविरुद्ध केला जाई. गॅलिलिओने १६१५ मध्ये ग्रँड डचेस क्रिस्टिना हिला उद्देशून लांब पत्र लिहिले आणि ऑगस्टीनचाच आधार घेतला. बायबल सामान्य माणसाच्या बोलीत बोलते, ते खगोलशास्त्राचे पुस्तक नाही, असे त्याचे म्हणणे होते. आजही खगोलशास्त्रज्ञ "सूर्य उगवला" असेच म्हणतात, नाही का?

त्याच वर्षी कार्डिनल बेलार्मीन याने दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला तर बायबलचा अर्थ फार जपून, नव्याने लावावा लागेल, हे त्याला मान्य होते. पण असा पुरावा आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. गॅलिलिओ भरती-ओहोटीकडे पुरावा म्हणून बोट दाखवत होता आणि तो पुरावा चुकीचा होता. थेट निरीक्षणातले पुरावे पुढे आले: ब्रॅडलीने १७२०च्या दशकाच्या शेवटी ताऱ्यांच्या प्रकाशाचे अपेरण दाखवले, बेसेलने १८३८ मध्ये ताऱ्याचा पराशय मोजला. पण चर्चने पुराव्याची वाट पाहिली नाही. १६१६ मध्ये कोपर्निकसच्या पुस्तकावर बंदी आली, १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली आणि तो मरेपर्यंत नजरकैदेत राहिला. प्रश्न खुला असताना अर्थ कायद्याने बंद केला, ही चर्चची चूक होती.

वयाच्या प्रश्नाचेही असेच आहे. आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळी आणि इतर प्राचीन इतिहास जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सन पूर्व ४००४ मध्ये ठरवला. त्या काळी उपलब्ध साधनांत हे गंभीर विद्वत्तेचे काम होते. पण ते पुस्तकांच्या पलीकडे जाऊन तपासायला त्याच्याकडे काही नव्हते. आज दगडच घड्याळ आहेत. युरेनियम-२३८ चे निम्मे अणू शिशात बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ चे निम्मे सुमारे ७० कोटी वर्षांत बदलतात. दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालूनही एकच वय दाखवतात. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून ४५५ कोटी वर्षे हा आकडा काढला, आणि तो आजही जवळपास तसाच टिकून आहे.

यातला फरक लक्षात घ्या. अशरचा आकडा तुम्ही 'दिवस' आणि 'वंशावळ' या शब्दांचा अर्थ कसा लावता यावर अवलंबून आहे. पॅटरसनचा आकडा नाही. उत्पत्तीचा अध्याय कोणी शब्दशः वाचो वा रूपक म्हणून, दगडातले शिसे तेवढेच भरते.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी १९२५ चा टेनेसीमधला स्कोप्स खटला ऐकला असेल. उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर तो चालला. बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी उलटतपासणीत कबूल केले की ते सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही. पृथ्वी जेमतेम काही हजार वर्षांची आहे, या मताने मोठी उचल खाल्ली ती व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या १९६१ च्या पुस्तकानंतर. ते मत शाळेत 'विज्ञान' म्हणून आणायचे प्रयत्न झाले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तसा कायदा रद्द केला.

मग रूपक म्हटले की सगळे सुटते का? तिथेही एक खड्डा आहे. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या आरंभाच्या नव्या सिद्धांतात बायबलच्या सृष्टीनिर्मितीला दुजोरा दिसतो, अशा अर्थाचे भाषण केले. त्यावर नाराज कोण झाले? जॉर्ज लमेत्र, म्हणजे तोच सिद्धांत मांडणारे शास्त्रज्ञ, जे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचा मुद्दा साधा होता: वैज्ञानिक सिद्धांत उद्या बदलू शकतो. श्रद्धा त्याला बांधली तर दोघांचेही नुकसान.

हा खड्डा आपल्याही अंगणात आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्याचा आधार असलेल्या 'वैमानिक शास्त्रा'तली विमाने उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवले होते. पुष्पक विमान ही सुंदर कल्पना आहे. तिचा नकाशा शोधायला गेलो की काव्यही जाते आणि विज्ञानही.

म्हणून पुढच्या वेळी हा विषय निघाला, तर समोरच्याला "तुमचा ग्रंथ खोटा" म्हणायची गरज नाही, आणि भिडेखातर "तुमचेही बरोबर" म्हणायचीही नाही. शांतपणे विचारा: हे वाक्य कोणत्या प्रकारचे आहे? ते जगाबद्दल तपासता येईल असे काही सांगते का? सांगत असेल, तर तपासणीत ते चुकले हे कशावरून कळेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला जो तयार आहे, त्याच्याशी विज्ञानाची चर्चा होऊ शकते. जो नाही, त्याच्याशी श्रद्धेची होऊ शकते, आणि तीही मैत्रीत. फक्त विज्ञानाच्या तासाला तुमच्या मुलीने पृथ्वीचे वय विचारले, तर उत्तर ४५४ कोटी वर्षे हेच असले पाहिजे.